रंग सुकायला किती वेळ लागतो?

लंडनच्या नॅशनल गॅलरीत मी यापूर्वी सहा-सात वेळा गेले होते आणि दर वेळी पाय दुखत, डोकं जड होऊन बाहेर पडले होते. यंदा बाबा आले होते. त्यांच्याबरोबर तिथं काढलेल्या एका दिवसात ती चित्रं मला पहिल्यांदा उलगडायला लागली.

बाबांनी कोल्हापुरात चाळीस वर्षं पेंटरचं काम केलं. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या फाळक्यावरची अक्षरं, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे, लग्नघराच्या दारावरचे गणपती आणि भालदार-चोपदार, रस्त्यावरचे पांढरे पट्टे. पुढं फ्लेक्स आले आणि काम हळूहळू थांबलं, पण हात अजून स्थिर आहे. युरोपियन चित्रकलेबद्दल वाचायला बसलं की आधी शैलींची नावं आडवी येतात: रेनेसान्स, बरोक, इम्प्रेशनिझम. बाबांनी त्यातलं एकही नाव विचारलं नाही. पहिल्याच चित्रापुढं ते पाच मिनिटं उभे राहिले, काचेजवळ वाकले आणि म्हणाले, “हे सुकायला किती वेळ लागला असंल गं?”

दिवसभर आम्ही हाच प्रश्न घेऊन फिरलो. युरोपातल्या पाचशे वर्षांच्या चित्रांचं पुष्कळसं गुपित या एका प्रश्नाच्या उत्तरात आहे, असं मला आता मनापासून वाटतं. ते जसं मला कळलं तसं इथं सांगते.

आधी जागेबद्दल थोडं. गॅलरी ट्रफाल्गार चौकात आहे, कायमस्वरूपी संग्रह पाहायला तिकीट नाही. सकाळी १० ते संध्याकाळी ६, शुक्रवारी रात्री ९ पर्यंत उघडी असते. १८२४ साली ब्रिटिश सरकारनं जॉन ज्युलियस अँगरस्टाइन या धनिकाच्या संग्रहातली ३८ चित्रं विकत घेतली, तिथून ही सुरुवात. आज संग्रहात २,३०० हून जास्त चित्रं आहेत. एकेका चित्राला एक मिनिट दिलं तरी अडतीस तास लागतील. म्हणजे सगळं पाहायचा विचार आधीच सोडून द्यायचा.

हा विचार सोडायला धीर देणारी एक गोष्ट याच इमारतीत घडली आहे. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या बेतात असताना इथली चित्रं लंडनबाहेर हलवली. १९४१ मध्ये ती वेल्समधल्या मॅनॉड नावाच्या डोंगरातल्या पाटीच्या दगडाच्या खाणीत नेऊन ठेवली. लंडनवर बॉम्ब पडत होते, गॅलरीच्या भिंती उघड्या होत्या. लोकांना चित्रांवाचून करमेना. तेव्हा १९४२ पासून दर महिन्याला खाणीतून एकच चित्र लंडनला आणून लावायला लागले. महिन्याला एक चित्र! आणि तेवढ्यासाठी लोक त्या धोक्याच्या दिवसांत येत होते. आम्ही दिवसाला सात चित्रं घेतली, म्हणजे त्या मानानं चैनच.

अंड्याचा रंग

बाबा ज्या चित्रापुढं वाकले होते ते ‘विल्टन डिप्टिक’. साधारण १३९५ ते १३९९ च्या दरम्यानचं, चित्रकार कोण ते नोंदलेलं नाही. ओकच्या दोन फळ्या बिजागरीनं जोडल्या आहेत, पुस्तकासारख्या मिटता येतात. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याला प्रवासात प्रार्थनेसाठी बरोबर नेता यावा म्हणून केलेला हा छोटा देव्हाराच म्हणायचा. डावीकडे गुडघे टेकलेला राजा आणि त्याच्यामागं तीन संत. उजवीकडे बाळ येशूला घेतलेली मेरी आणि अकरा देवदूत, सगळे निळ्या कपड्यांत. मागं सगळीकडे सोनं.

हा रंग अंड्यातल्या पिवळ्या बलकात कालवलेला आहे. कुठलाही रंग म्हणजे मुळात दोन गोष्टी: पूड आणि तिला धरून ठेवणारा चिकटा. पूड तीच राहते. चिकटा बदलला की चित्र बदलतं. बलक पांढऱ्यापासून वेगळा करून, त्याचं पातळ कातडं चिमटीत धरून टोचायचं, आतला द्रव वाटीत घ्यायचा, थोडं पाणी घालायचं आणि पूड त्यात घोटायची. याला टेम्परा म्हणतात. न विसळलेल्या ताटलीवर अंड्याचा बलक वाळला की खरवडून काढावा लागतो, हे प्रत्येक घरात माहीत आहे. तीच ताकद इथं कामी आली आहे, सहाशे वर्षांनंतरही रंग पक्का आहे.

पण हा रंग काही मिनिटांतच सुकतो. त्यामुळं दोन रंग फळीवर एकमेकांत मिसळवता येत नाहीत. गाल गोल दाखवायचा तर गडद ते फिका असा उतार हवा, आणि तो उतार मिसळून करता येत नसेल तर केसासारख्या बारीक रेघा शेजारी शेजारी ओढायच्या. चेहऱ्याजवळ नाक नेऊन पाहिलं की त्या रेघा दिसतात. बाबांना त्या लगेच दिसल्या. “ह्यानं रंग पुसून नेलेला न्हाई, रेघांनी भरलाय,” ते म्हणाले.

त्या काळातल्या इटालियन चित्रांत मेरीचा चेहरा हिरवट का दिसतो, असं पुष्कळ जणांना वाटतं. कातडीखाली आधी हिरव्या मातीचा हात द्यायची रीत होती. वर गुलाबी रेघा आल्या की हिरवा आतून सावलीसारखा काम करायचा. शतकांच्या झिजेनं वरचा गुलाबी उतरला आणि खालचा हिरवा वर आला. चित्रकाराच्या मनात आजारी मेरी नव्हती.

निळ्याबद्दल सांगायलाच हवं. हा निळा लाजवर्द दगडाचा. तेव्हाच्या युरोपला तो दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतून मिळायचा. दगड कुटून, त्यातली निळी पूड वेगळी काढणं फार चिकाटीचं काम. समुद्रापलीकडून येतो म्हणून त्याचं नाव ‘अल्ट्रामरीन’. सोन्याच्या तोडीची किंमत असायची, म्हणून तो मेरीच्या वस्त्रासाठी राखून ठेवत. अकरा देवदूतांना तो निळा नेसवणं ही राजाची श्रीमंती होती. आपल्या अजिंठ्याच्या भिंतींवरचा निळाही याच दगडाचा. ते कळल्यावर बाबा त्या चित्राकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहायला लागले.

देवदूताच्या हातात एक निशाण आहे आणि निशाणाच्या काठीवर साधारण एक सेंटिमीटरचा गोळा. १९९२ च्या सुमारास चित्राची साफसफाई चालू असताना दिसलं, की त्या गोळ्यात एक हिरवं बेट आहे, त्यावर पांढरा किल्ला आहे आणि भोवती चांदीच्या वर्खाचा समुद्र. चांदी काळवंडल्यामुळं समुद्र आता काळपट दिसतो. गोळा एवढा लहान, की त्यात काही आहे हे सांगितल्याशिवाय लक्षातही येत नाही. मला चष्मा काढून, पुन्हा घालून, मग कुठं ते बेट सापडलं.

तेल

त्यानंतर आम्ही यान फान आयकच्या चित्रापाशी गेलो. साल १४३४. नेदरलंड्समधल्या ब्रूज शहरातला (आज ते बेल्जियममध्ये आहे) अर्नोल्फिनी आडनावाचा इटालियन व्यापारी आणि त्याची बायको खोलीत उभे आहेत. विल्टन डिप्टिकनंतर अवघ्या पस्तीस-चाळीस वर्षांनी रंगवलेलं हे चित्र, पण दोन्ही एकाच दिवशी पाहिली की मध्ये दोनशे वर्षं गेली असावीत असं वाटतं. फरक चिकट्याचा आहे. इथं अंड्याऐवजी तेल आहे.

जवसाचं तेल बाबांच्या रोजच्या वापरातलं. आपल्याकडे पेंटर त्याला बेलतेल म्हणतात. मी त्यांना विचारलं, की खोबरेल का नाही वापरत? “ते सुकतच न्हाई की,” ते म्हणाले. बरोबर आहे, आणि का ते समजून घेण्यासारखं आहे. पाणी सुकतं म्हणजे उडून जातं. जवसाचं तेल उडून जात नाही, ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि त्याचे लांबलचक रेणू एकमेकांना साखळीसारखे जोडले जातात. द्रवाचा हळूहळू घट्ट, पारदर्शक पापुद्रा होतो. स्वयंपाकघरात तेलाच्या बरणीच्या बुडाशी, फडताळाच्या कडेला जो चिवट पिवळा थर जमतो आणि साबणालाही दाद देत नाही, तो याच क्रियेचा भाऊ. जवस, अक्रोड, खसखस यांची तेलं अशी घट्ट होतात. खोबरेल कितीही दिवस ठेवलं तरी होत नाही.

या सुकण्याला काही दिवस ते काही आठवडे लागतात. अंड्याच्या रंगानं काही मिनिटं दिली होती, तेलानं चित्रकाराला वेळ दिला. आता ओला रंग ओल्यात मिसळता येऊ लागला, गाल सावलीत विरघळवता येऊ लागला, चुकलं तर पुसता येऊ लागलं.

दुसरा फायदा प्रकाशाचा. पंचगंगेच्या काठावर कोरडा गोटा करडा दिसतो, तोच पाण्यात बुडवला की त्याच्यातला हिरवा, तांबडा उजळून येतो. कोरड्या पृष्ठभागावर प्रकाश वरच्या वर विखुरतो, ओल्यावर तो आत शिरतो. तेलातली पूड कायमची त्या ओल्या गोट्यासारखी राहते. त्यात भर म्हणजे रंग अगदी पातळ, काचेसारखा करून थरावर थर चढवता येतो. खाली खडू आणि सरसाचं पांढरंशुभ्र अस्तर. प्रकाश या रंगीत थरांतून खाली जातो, पांढऱ्यावर आपटतो आणि पुन्हा त्याच थरांतून रंगून आपल्या डोळ्यांकडे येतो. त्या बाईच्या हिरव्या झग्याचा रंग आतून उजळल्यासारखा वाटतो तो यामुळं. हिरवी पूड तांब्यापासून केलेली. कल्हई नसलेल्या भांड्याला जो हिरवा कळंक चढतो त्याच जातीची.

थर चढवण्याचा एक कायदा आहे, तो मी पुस्तकात वाचला होता: वरचा थर खालच्यापेक्षा जास्त तेलाचा असावा. बाबांनी तो मला त्यांच्या शब्दांत सांगितला: “पहिला हात सुकल्याबिगर दुसरा मारायचा न्हाई, आणि वरच्या हाताला तेल जास्त. न्हाईतर तडे जातात.” कमी तेलाचा थर आधी सुकतो आणि ताठ होतो. तो वर असेल आणि खालचा अजून हलत असेल, तर वरचा फाटणारच. ब्रूजपासून कोल्हापूरपर्यंत नियम एकच.

तेलाच्या रंगाचा शोध फान आयकनं लावला, असं सोळाव्या शतकापासून सांगितलं जातं. ते खरं नाही. अफगाणिस्तानातल्या बामियानच्या लेण्यांत सातव्या शतकाच्या आसपासच्या बौद्ध चित्रांमध्ये सुकणारं तेल सापडलं आहे. फान आयकचं मोठेपण तेल शोधण्यात नाही, तेलाला जी सवड मिळते तिचा उपयोग कसा करायचा हे दाखवण्यात आहे. भिंतीवरच्या गोल फुगीर आरशात पाहा: जोडप्याच्या पाठी दिसतात आणि समोरच्या दारात उभी असलेली आणखी दोन माणसं. आरशाच्या चौकटीत येशूच्या अखेरच्या दिवसांतले दहा प्रसंग, प्रत्येक नखाएवढ्या वर्तुळात. आरशाच्या वर वळणदार अक्षरांत लॅटिनमध्ये लिहिलं आहे, “यान फान आयक इथं होता, १४३४.” पाट्या रंगवणाऱ्या माणसानं त्या अक्षरांपुढं किती वेळ काढला असेल ते सांगायला नको.

एक गैरसमज जाता जाता काढून टाकते. ती बाई गरोदर नाही. तेव्हाच्या कापडाचे घेर प्रचंड असत आणि चालताना ते पोटाशी गोळा करून धरत.

रस्त्यावरची अक्षरं आणि कवटी

सुकण्याचा विषय इथं थोडा बाजूला ठेवते, कारण हान्स होल्बाइनच्या ‘द अँबॅसडर्स’पुढं बाबांनी जे सांगितलं ते मला कुठल्याच मार्गदर्शकाकडून मिळालं नसतं.

१५३३ सालचं चित्र, दोन मीटरहून उंच आणि तेवढंच रुंद. आठव्या हेन्रीच्या दरबारातला फ्रेंच राजदूत आणि त्याचा बिशप मित्र, दोघंही तिशीच्या आतले. मध्ये मांडणीवर पृथ्वीगोल, सूर्यघड्याळं, गणिताचं पुस्तक, आणि एक तार तुटलेलं ल्यूट नावाचं तंतुवाद्य. आणि पायांपाशी जमिनीवर एक तिरकी, लांबट, करडी आकृती, जिचा अर्थच लागत नाही. चित्राच्या उजव्या कडेला भिंतीजवळ जाऊन तिरपं पाहिलं की ती आकृती आक्रसते आणि माणसाची कवटी होते.

याच्या मुळाशी यथार्थदर्शनाचं गणित आहे. रेल्वेचे रूळ दूरवर एकत्र आल्यासारखे दिसतात, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्लॉरेन्समधल्या ब्रुनेलेस्कीनं याची रीत बसवली आणि १४३५ मध्ये अल्बर्तीनं ती लिहून काढली: चित्र म्हणजे खिडकी समजा, पाहणाऱ्याचा डोळा एका जागी ठरवा, मग समोर खोल जाणाऱ्या सगळ्या समांतर रेघा एका बिंदूत मिळतील. याच गॅलरीत उच्चेल्लोचं लढाईचं चित्र आहे, त्यात मोडून पडलेले भालेसुद्धा शिस्तीत त्या बिंदूच्या दिशेनं पडले आहेत. नवी विद्या हातात आल्याचा तो आनंद आहे.

होल्बाइननं एकाच चित्रात दोन डोळे ठरवले. एक समोर उभा, त्याच्यासाठी राजदूत. दुसरा कडेला, त्याच्यासाठी मरण. मी हे बाबांना समजावायला लागले तर ते म्हणाले, “अगं, हे तर रस्त्यावरचं ‘सावकाश’.” मग त्यांनी सांगितलं: रस्त्यावर ‘सावकाश’ किंवा ‘शाळा’ असं लिहायचं असेल तर अक्षरं नेहमीपेक्षा खूप लांब ओढावी लागतात. वरून पाहिलं तर ती विचित्र, ताणलेली दिसतात. पण गाडी चालवणाऱ्याला रस्ता तिरपा दिसतो, त्याच्या नजरेला ती आक्रसून नीट होतात. ते आयुष्यभर रस्त्यावर वाकून, स्वतःला वेडंवाकडं दिसणारं अक्षर दुसऱ्याच्या नजरेसाठी काढत आले होते. त्या दिवशी माझे बाबा होल्बाइनच्या पंक्तीत बसले, हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही.

काळं अस्तर

लाकडी फळीचा एक त्रास असतो: हवेतल्या दमटपणानं ती फुगते आणि आक्रसते, पावसाळ्यात आपलं दार अडकतं तशी. रंगाचा थर तेवढा हलू शकत नाही, म्हणून जुन्या फळ्यांवर बारीक तडे दिसतात. युद्धाच्या काळात खाणीतल्या स्थिर हवेत ही चित्रं उलट चांगली राहिली, आणि गॅलरीत हवा स्थिर ठेवायला हवी हा धडा तिथून मिळाला. फळीला पर्याय म्हणून व्हेनिसमध्ये कापड रुळलं. ते बंदरच, शिडाच्या कापडाला तोटा नव्हता. कापड मोठं करता येतं, गुंडाळून नेता येतं.

काराव्हाज्जोचं १६०१ मधलं ‘सपर ॲट एमाउस’ कापडावर आहे. गोष्ट अशी: येशूला क्रुसावर मारलं त्याच्या तिसऱ्या दिवशी त्याचे दोन अनुयायी वाटेत एका अनोळखी माणसाला भेटतात, त्याला जेवायला बोलावतात. तो भाकरीवर आशीर्वादाचा हात धरतो आणि त्या क्षणी त्यांना कळतं, की हा तोच आहे. एक जण खुर्चीवरून उठतोय, दुसऱ्यानं दोन्ही हात फाकले आहेत. सरायवाला शेजारी उभा आहे, त्याला काहीच कळलेलं नाही.

फान आयकनं पांढऱ्या अस्तरावरून प्रकाश वर आणला होता. काराव्हाज्जो उलट्या बाजूनं आला. त्यानं अस्तरच गडद तपकिरी घेतलं. अंधार आधीच तयार. मग फक्त जिथं उजेड पडतो तेवढंच रंगवायचं. कागदावर आधी रेखाटन करण्यापेक्षा त्याच्या बऱ्याच चित्रांत ओल्या अस्तरात दांड्यानं ओढलेल्या खुणा सापडतात. बाबा म्हणाले, काळ्या पाटीवर पिवळं अक्षर लांबून उठून दिसतं, तसंच. टेबलाच्या कडेला फळांची करंडी आहे, अर्धी बाहेर आलेली, आता पडेल अशी. एक लहान मुलगी आईचा हात सोडून पुढं झाली आणि करंडीखाली तळवा धरून उभी राहिली. पहारेकऱ्यानं तिला हळूच मागं घेतलं.

रेम्ब्राँटची इथं दोन आत्मचित्रं आहेत, एक चौतिसाव्या वर्षीचं, १६४० चं. दुसरं त्रेसष्टाव्या वर्षीचं, १६६९ चं, म्हणजे तो गेला त्याच वर्षीचं. पहिल्यात मखमल, फर, कठड्यावर ऐटीत टेकवलेला हात. मधल्या काळात त्याचं दिवाळं निघालं होतं, बायको गेली होती, मुलगाही गेला होता. दुसऱ्यात कपाळावरचा रंग इतका जाड आहे की तो जवळजवळ कातडीच झाला आहे. हे जाड काम शिशाच्या सफेद्याचं. शिशाच्या पट्ट्या व्हिनेगरच्या भांड्यात ठेवून ती भांडी शेणात पुरायची. काही आठवड्यांनी शिशावर पांढरी पूड चढायची. विषारी, पण तेलात तिच्यासारखी लोण्यागत वागणारी दुसरी पूड तेव्हा नव्हती. क्ष-किरणांत दिसतं की या चित्रात त्याच्या हातात आधी ब्रश होता. मग त्यानं तो झाकला आणि हात नुसते एकमेकांत धरले. मी त्यापुढं खूप वेळ थांबले. बाबा बाकावर बसून होते, काही बोलले नाहीत.

या रेम्ब्राँटनं मुघल लघुचित्रांवरून वीसहून जास्त रेखाटनं केली होती. डच जहाजांतून आपल्याकडची चित्रं ॲमस्टरडॅमला पोहोचत होती आणि हा म्हातारा होत चाललेला माणूस शाहजहानच्या पागोट्याचे पेच समजून घेत बसला होता. हे माहीत असलं की दोन खंडांतलं अंतर बरंच कमी होतं.

वाळू

इथवर चित्रकार खोलीतच आहे, कारण रंग खोलीतच होता. पूड तेलात घोटायची आणि लगेच वापरायची. उरलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. हवा असला की खिळ्यानं भोक पाडून पिळायचा आणि भोकात खिळा बसवायचा. पिशवी फुटायची, रंग सुकायचा. १८४१ मध्ये लंडनमध्ये राहणाऱ्या जॉन गॉफ रँड या अमेरिकी चित्रकारानं कथलाच्या दाबायच्या नळीचं पेटंट घेतलं. आज आपण टूथपेस्ट दाबतो ती कल्पना. नळीत हवा शिरत नाही म्हणजे ऑक्सिजन नाही, म्हणजे तेल सुकत नाही. झाकण लावलं की सुकणं थांबलं, झाकण उघडलं की सुरू.

त्यामुळं चित्रकार रंग खिशात घालून बाहेर पडला. क्लोद मोनेचं ‘द बीच ॲट त्रूव्हिल’ हे १८७० चं छोटं चित्र पाहा. दोन बायका समुद्रकाठी छत्र्या घेऊन बसल्या आहेत, त्यातली पांढऱ्या कपड्यातली त्याची बायको कामीय. लग्नाला महिना-दोन महिनेच झाले होते. रंग भराभरा, ओल्यात ओला मारलेला. आणि त्या रंगात वाळूचे खरे कण अडकले आहेत. वारा आला, वाळू उडाली, ओल्या रंगाला चिकटली आणि रंगाबरोबर कायमची बसली. चित्र समुद्रकाठी बसूनच काढलं याचा याहून चांगला पुरावा कुठला? बाबांना हे फार आवडलं. बोर्ड रंगवताना चिलट चिकटलं तर ते दिवसभर अस्वस्थ असायचे. इथं लोक त्या वाळूसाठी रांगेत उभे होते.

कोल्हापूरचे आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या काठी बसून निसर्गचित्रं काढायचे, ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून आलेले. १८५७ मध्ये सुरू झालेल्या त्या शाळेतून युरोपातली ही पद्धत आपल्या मातीत आली, आणि तिथून पाझरत पाझरत पाट्या रंगवणाऱ्यांपर्यंत. बाबांच्या हातात सावली कशी द्यायची हे जे आहे, त्याची एक मुळी अशी लांब जाते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही टाटा बंधूंनी जमवलेली युरोपियन तैलचित्रं आहेत. लंडनला येणं जमणार नसेल तर ती जरूर पाहावीत, याच प्रश्नासकट.

शेवटचं चित्र ‘सनफ्लॉवर्स’. दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावात ऑगस्ट १८८८ मध्ये व्हिन्सेंट व्हॅन गॉखनं एकामागोमाग सूर्यफुलांची चित्रं काढली, मित्र गोगँ राहायला येणार होता त्याची खोली सजवायला. सूर्योदयापासून कामाला बसायचा, कारण फुलं लवकर कोमेजत होती आणि सगळं एका दमात उतरवायला हवं होतं. म्हणजे इथं सुकण्याची शर्यत रंगाशी नव्हती, फुलांशी होती.

रंग नळीतून काढून इतका जाड लावला आहे की पाकळ्यांची सावली कापडावर पडते. पिवळा बहुतेक क्रोमचा, म्हणजे शिसं आणि क्रोमियमचा. एकोणिसाव्या शतकातला हा नवा, झगझगीत रंग उजेडात हळूहळू तपकिरी होतो. नवे रंग टिकाऊ नाहीत हे व्हिन्सेंटला माहीत होतं. काळ त्यांना मऊ करेलच, म्हणून ते आणखी धीटपणे वापरावेत, असं त्यानं आपल्या भावाला, थेओला लिहिलं होतं. आपण पाहतो त्याहून त्या ऑगस्टमध्ये ही फुलं जास्त पिवळी असणार.

बाबा कडेनं पाहत होते, रंगाचे उंचवटे मोजावेत तसे. चित्रं सुकली की गुंडाळून रेल्वेनं पॅरिसला थेओकडे जायची, असं मी सांगितलं.

“एवढा जाड?” बाबा म्हणाले. “मग भावाला बरंच थांबावं लागलं असणार.”